गोविंद विठोबा, जिल्हा रत्नागिरी

२ सप्टें. २००७
वंशावळीच्या साइटवरून पुन्हा 'जुळणी सापडली' असा मेल. गोविंदमामा, म्हणजे सासूबाईंचा बोटीवर गेलेला आणि परत न आलेला भाऊ, हे म्हणे त्यांचेच स्वतःचे आजोबा! दोघे गोविंद विठोबा, दोघे हर्णेचे. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. यंत्राने दोघांचा एक माणूस करून टाकला आणि शंभरी उलटलेल्या म्हाताऱ्याला खलाशी म्हणून बोटीवर चढवलं.
यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "जिल्ह्यात कुठेही दगड भिरकाव, गोविंदाला नाहीतर विठोबाला लागेल."
'जुळत नाही' हे बटण दाबलं. हल्ली त्या बटणाचीच सवय झालीय.

६ सप्टें.
आईंनी आज परत विचारलं, "गावला का गं गोंदू?" राखी पौर्णिमेपासून रोजच चाललंय. पंचाऐंशीला टेकल्या. जायच्या आत कळावं एवढंच त्यांचं मागणं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी कंप्युटर क्लासला गेले, ब्रॉडबँड घेतलं, ते यासाठीच. जन्मभर पोरांना नकाशात मोंबासा दाखवलं, तिथे गेलेला एक माणूस काही सापडत नाही.

१२ सप्टें.
सापडले.
गोविंद विठोबा, जहाजकामगार, जिल्हा रत्नागिरी. मोंबासाला मृत्यू, बरीच वर्षं झाली. बायको, एक मुलगी. साइटने स्वतःहून जोडून दिलं. गाव लिहिलेलं नाही, आडनाव नाही. पण त्या काळी कागदावर लिहीत तरी कुठे? वय जुळतं. बंदर जुळतं, मामांचं शेवटचं पत्र मोंबासाचंच होतं. 'होय' दाबलं आणि मामा आमच्या वंशवृक्षाच्या झाडावर जाऊन बसले.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "गणपती होऊ देत. तोवर एक अक्षर नको." चतुर्थी तीन दिवसांवर.

१९ सप्टें.
गौरी आल्या. आईंनी बसल्या जागेवरून सगळ्यांना कामाला लावलं. भाजी कशी चिरायची हे मला या वयात शिकवतात. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मोदक तेवढे फक्कड झाले.

२७ सप्टें.
सांगितलं. मीच. हे दाराशी उभे.
आई : "कोन सांगतंय?"
मी : "कंप्युटर."
"त्यानं बगितलंन?"
रडल्या नाहीत. जेवल्या नाहीत. संध्याकाळी भिंतीला टेकलेला मामांचा पाट माळ्यावर ठेवायला सांगितला. दर भाऊबीजेला हा पाट मांडून, भोवती रांगोळी काढून आई रिकाम्या पाटाला ओवाळतात. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, पण आईंना ते सुचवायची आजवर कुणाची छाती झाली नाही. आता पाट माळ्यावर. माझ्याच हाताने ठेवला.

११ ऑक्टो. सर्वपित्री
यांनी मामांच्या नावाचं पान ठेवलं. कावळा लगेच शिवला, इतका लगेच की भाताची वाफ निवायची होती. हे म्हणाले, "बघ, पटलं." मलाही बरं वाटलं. आई आतूनच म्हणाल्या, "भुकेलेला आसंल."

१४ ऑक्टो.
मोंबासाहून मेल. इंग्रजीत, जरा घुश्श्यातच. लीला नाव. 'माझ्या वडिलांना तुम्ही तुमच्या कुटुंबात कसं घेतलंत?' तिचे वडील खलाशी नव्हतेच, गोदीत जहाजांचं सुतारकाम करायचे. सोबत त्यांचा फोटो.
आता आईंना कुठल्या तोंडाने

१५ ऑक्टो.
काल पुढे लिहिता आलं नाही.
सकाळी आईंना खुर्चीत बसवून मॉनिटरवर फोटो दाखवला. चष्मा पुसला, परत लावला, नाक काचेला टेकवलं.
"ह्यो माजा गोंदू नाय. ह्याचं दोनी कान धड हायत."
मामांच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी मासे धरायच्या गळाने फाटली होती. एवढी मोठी खूण मला कधी सांगितली नाही, आणि मी कधी विचारली नाही! मी आपली जन्मसाल आणि बंदरं विचारत बसले.
मी म्हणाले, "आई, चुकलं माझं. फुकट रडवलं तुम्हाला."
"मी कुटं रडलंय? भाऊ परत आनून दिलास. पाट काढ खाली."
पाट पुसून भिंतीला लावला. आई दोन वेळा पोटभर जेवल्या. देवा, तुझे उपकार. हे म्हणतात, कावळासुद्धा चुकला, एकट्या कंप्युटरला किती बोलायचं.

२० ऑक्टो.
लीलाला क्षमा मागून सगळं कळवलं होतं. आज लांबलचक उत्तर, राग गेलेला. वडील मुरुडचे, दापोलीजवळचे. तिची आई गुजराती. इकडचं कुणीच माहीत नाही. वडील शेवटी शेवटी 'चंद्रा' म्हणून बहिणीची आठवण काढायचे. 'ती कुठे असेल, शोधता येईल का?'
मुरुड! हर्णेच्या शेजारचं गाव. आईंनी ऐकलं मात्र, "आता तिचं काम पयलं."

२३ ऑक्टो.
मुरुडच्या पोस्टात फोन लावला. चंद्रा नावाचं कुणी नाही म्हणाले. मी हट्टाने म्हटलं, हे माहेरचं नाव असेल, लग्नात बदललं असेल, एखाद्या जुन्या माणसाला विचारा. दु. त्यांचाच फोन आला. आहेत! पार्वतीबाई, माहेरच्या चंद्रा. गावातल्या गावातच दिलेल्या, सुपारीच्या बागेत घर, मुलगा-सून जवळ. भाऊ परदेशी गेला तो आलाच नाही.
सासरी नाव बदलतं हे यंत्राला सात जन्मांत उमगलं नसतं. पोस्टातल्या त्या भल्या माणसाचं भलं होवो.
पण मग लक्षात आलं. भाऊ गेल्याचं त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. बातमी खरी होती, फक्त आमच्या दारी आली.

२४ ऑक्टो.
हे म्हणाले, त्यांच्या मुलाला फोनवर सांगू, तो सांगेल आईला. सासूबाई उसळल्या. "फोनवर नाय. मी जातंय. मला सांगून झालंय येकदा. कसं सांगू नये ता मला ठाव हाय."
माझ्याकडे बघून हसल्या वर. लागलं. पण खरंच होतं.

२८ ऑक्टो.
जीप करून मुरुड. आईंना घाटात मळमळलं, लिंबू हुंगत बसल्या, पण परत फिरू म्हणाल्या नाहीत.
पार्वतीबाई आईंपेक्षा थोड्या लहान, ठेंगण्या, हसऱ्या. आम्ही कोण, कशाला आलो, काही न विचारता कोकम सरबत पुढे केलं. आई त्यांच्याजवळ सरकल्या, हात हातात घेतला. हर्णेच्या, अमुकतमुकच्या लेकी अशी ओळख निघाली. मग,
"तुज्या गोविंदानं चांगलं केलंन गो. घर बांदलंन. पोर शिकवलीन. मरताना तुजं नाव घेतलंन."
बाईंनी विचारलं, "म्हंजे नाय आता?"
"नाय."
"कदी?"
"लय वर्सं झाली, बाय."
पार्वतीबाई रडल्या, आणि त्यांना धरून आईसुद्धा. आई महिनाभर न रडलेलं तिथे रडल्या. मी आणि हे बाहेर अंगणात, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांकडे बघत. मग आतून पार्वतीबाई म्हणाल्या, "दर भाऊबीजेला पाट मांडत आलंय मी." आमच्या आई म्हणाल्या, "मी पन."
फोटो दिला. पदराने पुसून पुसून बघत होत्या.
मोबाइलवरून लीलाला फोन लावला. बाईंना इंग्रजी येत नाही, लीलाला मराठी. थोडा वेळ नुसती खरखर. मग तिकडून, "आत्या?" वडिलांनी शिकवलेला शब्द. बाईंनी फोन गालाला धरला आणि "बोल बाय, बोल" एवढंच म्हणत राहिल्या. माझ्या मोबाइलचा बॅलन्स संपला. इतकं छान कधी संपलं नव्हतं.
निघताना बाई म्हणाल्या, "बरं झालं तुमचं चुकलं."

३ नोव्हें.
लीला डिसेंबरात येतेय. तिकीट काढलं. आत्याकडे आठ दिवस आणि आमच्याकडे दोन दिवस, असं तिने स्वतःच ठरवलंय. हे आतापासून फणसपोळी कुणाकडून आणायची याच्या चौकशीत. मी साइटवर जाऊन तिच्या वडिलांना आमच्या झाडावरून उतरवलं. बटण दाबताना चुकचुकले. चांगला माणूस होता.

८ नोव्हें.
फराळ उरकत आला. चकल्या मऊ पडल्या, हे चवीने खातात, बिचारे.
सं. साइटचा मेल. 'जुळणी सापडली : गोविंद विठोबा, खलाशी, जिल्हा रत्नागिरी.' सोबत फोटो आहे म्हणे.
उघडला नाही. आईंना सांगितलं, यावेळी लगेच, गणपती-दिवाळी न बघता. त्या करंजीला मुरड घालत होत्या. हात थांबले. मग परत सुरू. "भाऊबीज होऊ दे."

११ नोव्हें. भाऊबीज
पाट मांडला, रांगोळी काढली. आईंनी निरांजन लावलं, रिकाम्या पाटाला ओवाळलं, अक्षता टाकल्या. आधाराला मी कोपराला हात लावला तर झटकला.
मुरुडहून पार्वतीबाईंचा फोन. "वयनी, मी चंद्राला ओवाळलं औंदा. आभाळ निवाळ हुतं." आई फोन धरून किती वेळ नुसत्या हुं हुं करत होत्या. ठेवल्यावर म्हणाल्या, "तिला ठाऊक झालं, बरं झालं." आणि मग पाटाकडे बघत बसल्या.
मी फराळाचं ताट पुढे ठेवलं. तेव्हा, "ता मशीनमदलं हाय का अजून?"
"आहे."
"उद्या उगड." लाडवाचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. "आनि कुनाला सांगू नको. पयला कान बग."