घोड्यांचा हिशेब

गिरगाव, मुंबई
९ जानेवारी १९८५

ती. आप्पांस, रघूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

श्रावणात लीलावहिनी गेल्या, तेव्हापासून तुम्ही एकटे दिवस कसे काढत असाल, असं मालिनी सारखी म्हणते. म्हणून तुम्हाला एक काम पाठवतोय. रागावू नका. कचेरीतल्या मंडळींबरोबर मी रविवारी महालक्ष्मीला शर्यती बघायला जातो. तिथे मला एक नियम सापडलाय. मागच्या शर्यतीत दुसरा आलेला घोडा, आणि या खेपेस त्याला पाठीवर वाहायला वजन कमी दिलेलं असेल, तर पैसे त्याच्यावर लावायचे. अशा चाळीस शर्यती मी कागदावर मांडल्या. दर खेपेस दहा रुपये धरले. चारशे घातले, पाचशे बारा आले. शेकडा अठ्ठावीस नफा! मालिनी म्हणाली, आप्पांनी जन्मभर गणित शिकवलं, त्यांना तपासू दे, ते म्हणतील तसं वागू. सोबत निकालांची कात्रणं आहेत. अजून खिशातला पैसा लावलेला नाही.

तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,
रघू


रत्नागिरी
२३ जानेवारी १९८५

चि. रघूस व सौ. मालिनीस अनेक आशीर्वाद.

पोरांना नापास करण्यात हयात गेली, आता घोड्यांची पाळी. ओटीवर कात्रणं पसरून बसलो की स्वयंपाकाला येणाऱ्या गोदूबाई चिडतात. परवा म्हणाल्या, चार पायांच्यांशी बोलताय तेवढं दोन पायांच्यांशीही बोला. बोलायचं कुणाशी, ते काही त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी समुद्रावर, भाट्याच्या पुळणीवर जाऊन येतो. येताना दार उघडायचं जिवावर येतं.

तुझी बेरीज बरोबर आहे. पण नियम ज्या शर्यती बघून बसवलास त्याच शर्यतींवर तपासलास, म्हणजे उत्तर बघून गणित सोडवलंस. नव्या शर्यती हव्यात. दर आठवड्याला कात्रणं पाठव, मागच्या सालची मिळाली तर तीही. आणि नुसती पाठवू नकोस, बरोबर चार ओळी लिही. तूर्त लक्षण बरं दिसतंय.

तुझ्या पाकिटाची वाट बघणारा,
आप्पा


रत्नागिरी
१३ मार्च १९८५

चि. रघूस आशीर्वाद.

कालच्या पत्रात तू लिहिलंस की फंडातून चार हजार काढून हंगामाच्या शेवटच्या शर्यतींवर लावणार आहेस. लावू नकोस. तू पाठवलेल्या मागच्या सालच्या कात्रणांतून नव्या एकशेवीस शर्यती तपासल्या. बाराशे घालून नऊशे चौऱ्याऐंशी परत आले. शेकडा अठरा तोटा. तुझ्या चाळिसांत एकाच घोड्याने एकशेसत्तर दिले होते. तो वगळला तर तिथेही नफा उरत नाही.

आता जे लिहितोय ते लिहिताना हात अडतोय. हा निकाल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच माझ्यापुढे होता. तरी मी अजून कात्रणं मागत राहिलो. हिशेब संपला असता तर तुझी पत्रंही संपली असती. त्या चार ओळी मी दिवसातून तीनदा वाचत होतो. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पत्र पोचताच दोन शब्द धाड.

आप्पा


गिरगाव, मुंबई
२० मार्च १९८५

ती. आप्पांना, मालिनीचा वाकून नमस्कार. वि. वि.

हे पत्र ह्यांच्याऐवजी मी लिहितेय. पैसे काढायचे आहेत असं ह्यांनी तुम्हाला कळवलं, ते खरं नव्हतं. फेब्रुवारीतच काढले होते. लक्षण बरं दिसतंय, हे तुमचे शब्द त्यांनी मला दोनदा वाचून दाखवले होते. चारही हजार गेले. त्यातून बदलापूरच्या दोन खोल्यांचा पहिला हप्ता भरायचा होता. आता कचेरीतून येतात, जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. तुम्हाला दोष देत नाहीत. आप्पांना काय तोंड दाखवू, एवढंच एकदा म्हणाले.

तुम्ही पत्रांसाठी थांबला होतात हे वाचून मला रडू आलं. आम्हीही घोड्यांचं निमित्त होईपर्यंत तुम्हाला कधी पत्र टाकलं नव्हतं.

आम्हाला परकं मानू नये.
मालिनी


रत्नागिरी
२५ मार्च १९८५

चि. रघू व सौ. मालिनी यांस आशीर्वाद.

रघू, निकाल हाती असून मी गप्प राहिलो, त्याची भरपाई तू एकट्याने करायची नाही. पोस्टातले चार हजार काढले आहेत, ते घेऊन येतोय. नको म्हणू नकोस. शुक्रवारच्या एसटीचं तिकीट काढलंय. माझ्यावर राग असेल तर तो समोर बसून बोल. मी ऐकून घेईन. बोलावंसं वाटलं नाही तर दोघे नुसते बसू.

मालिनी, तुझ्याकडे एक मागणं आहे. काही दिवस तुमच्याकडे राहू का, एवढं एक वाक्य मला इतक्या महिन्यांत लिहिता आलं नाही. लीला असती तर तिनेच माझ्या वतीने लिहिलं असतं. तुमच्या खोलीत तिसऱ्या अंथरुणाला जागा होते का, ते बघ. होत नसेल तर स्पष्ट सांग, रविवारी परत फिरेन.

तुमचा,
आप्पा