दादाने निवडून दिलेले शॉकअप

कडिना,
९ मार्च १९७२

ती. स्व. मर्विनदादास,
थेल्माचा सा. न. वि. वि.

तुझा अंजिरांचा मुरंबा पोचला. साखर नेहमीसारखी सढळ. वहिनी गेल्यापासून तुला चमच्याचं माप राहिलेलं नाही, पण क्लाइव्हने परवा दोन घास खाल्ले ते त्या मुरंब्यामुळेच, म्हणून तुला माफ.

त्याचं खांद्याचं हाड जुळलं. बाकी माणूस कुठे आहे कोण जाणे. पोलिसांनी गाडी परत दिली, ती शेडमध्ये आहे. त्याच्या बापाची ती होल्डन, जी त्याने एवढ्या हौसेने उंची कमी करून खाली बसवली होती, तिच्याशेजारी हा दिवसभर पालथ्या बादलीवर बसून असतो. जॅनिस बसली होती ती बाजू पार आत गेली आहे. मी तिथे जात नाही रे, माझ्याच्याने होत नाही. ईस्टरच्या शनिवारी लग्न होतं त्यांचं.

आता मुद्द्याचं. अठरा एप्रिलला जॅनिसच्या मृत्यूची कोरोनरसमोर चौकशी आहे. पोलिसांसाठी गाडी तपासली रॉस ट्र्युइनने, तुझ्याच हाताखाली चार वर्षं शिकलेला. त्याने लिहून दिलं की ब्रेक, स्टिअरिंग, शॉकअप सगळं ठीक. मग उरला तो वेग! क्लाइव्ह म्हणतो की पंचेचाळीस मैलांच्या वर नव्हतो, रेल्वेच्या रुळांवरून जाताना गाडीचं मागचं अंग उडालं आणि आडवं गेलं. कुणी विश्वास ठेवत नाही. बेकरीत मी शिरले की बायका बोलणं तोडून मांसाच्या पेस्ट्यांचे भाव विचारायला लागतात. बेफिकिरीने चालवली असं ठरलं, तर खटला आणि तुरुंग. सव्वीस वर्षांचा आहे तो, दादा.

पोर्ट ॲडलेडला तीस वर्षं तू गाड्यांची ढुंगणं सरळ केलीस. तुझ्या शब्दाला इथे वजन आहे. शॉकअप तूच निवडून पाठवलेस, तेव्हा तिकडे खोट निघायची नाही, पण दुसरीकडे कुठे असेल तर शोध. माझ्या पोराला वाचव. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
थेल्मा

---

पोर्ट ॲडलेड,
१७ मार्च १९७२

चि. थेल्मा हिस,
अनेक आशीर्वाद.

मुरंब्याला नावं ठेवलीस म्हणजे तू अजून धडधाकट आहेस. माझे गुडघे कुरकुरतात, मांजर माझ्या खुर्चीत झोपतं आणि मी उभा राहतो. असं चाललं आहे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कोरोनरला काय लिहावं ते अजून सुचत नाही. रॉसने शॉकअप कसे तपासले ते विचारून कळव. क्लाइव्हला म्हणावं, गाडी खाली आणायला मागचे कमानपाटे आणि आस यांच्या मध्ये त्याने जे लोखंडी ठोकळे घातले त्यांची उंची मोज. मग शॉकअप काढून हाताने पूर्ण दाब आणि आतल्या दांड्याकडे बघ. धडक न बसलेल्या बाजूचा काढायला सांग. कशासाठी ते आत्ता विचारू नकोस.

पोराला जेवायला घाल. त्याच्यावर ओरडू नकोस. तुझ्या जिभेला लगाम नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुला जपणारा,
दादा

---

कडिना,
२६ मार्च १९७२

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

जिभेचं नंतर बघू. तू सांगितलंस तसं केलं.

रॉसला चर्चच्या दारात गाठलं. तो म्हणाला, मर्विनकाकांनी शिकवलं तसंच तपासलं, गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर तळहात टेकून अंगाचा भार टाकला. हलली नाही, म्हणजे शॉकअप कडक, म्हणजे उत्तम. नवे शॉकअप लावल्यावर तू अंगणात असंच दाबून पाहिलं होतंस आणि टाळी वाजवली होतीस, ते मला आठवलं.

ठोकळे तीन इंचांचे आहेत. शॉकअप काढून क्लाइव्हने दाबला. दांड्याच्या टोकाशी लोखंड लोखंडावर आपटून चेपल्याच्या खुणा आहेत. मी विचारलं, हे काय? त्याने हात पुसले आणि स्मशानात निघून गेला. अंधार पडायच्या सुमारास आला तो थेट झोपायला.

हॉकिंगबाई, जॅनिसची आई, काल रस्त्यात समोर आली. मला बघून तिने रस्ता ओलांडला. तिच्या जागी मी असते तर दगड उचलला असता.

दादा, तुला काहीतरी ठाऊक आहे आणि तू सांगत नाहीस. काय ते एकदा स्पष्ट लिही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
थेल्मा

---

पोर्ट ॲडलेड,
२ एप्रिल १९७२

चि. थेल्मा,
आशीर्वाद.

काल त्यांच्या लग्नाचा दिवस होता. कोट घालून बसलो आणि मग काढून ठेवला. आज लिहितो.

खोट शॉकअपमध्येच होती. मोडलेले नव्हते, चुकीचे होते. गाडी तीन इंच खाली आणली की शॉकअप उभ्या जागीच तीन इंच दाबलेला राहतो. पुढे दाबायला जागाच उरत नाही. रुळांचा उंचवटा आला की उरलीसुरली जागा संपते, आतलं लोखंड आपटतं आणि मागची चाकं रस्ता सोडतात. अशा गाडीला आखूड शॉकअप लागतो. तळहाताने दाबली तर ती हलत नाही, आणि आम्ही शहाणे समजतो की वा, काय कडक आहे! हे मी रॉसला शिकवलं. आणखी किती जणांना शिकवलं ते देवाला माहीत.

त्याहून वाईट ऐक. नाताळच्या जेवणाला क्लाइव्हने माझ्याकडे आखूडच मागितले होते. मी सगळ्यांदेखत हसलो. म्हणालो, शेळीच्या उंचीच्या गाडीला शेळीचे पाय लावतोस का, कडक घे, नेहमीच्या लांबीचे, मी पाठवतो. मोजून पाहिलं नाही. मला कुणी कधी मोजायला लावलंच नव्हतं.

दोन आठवडे तुला हे लिहायचं टाळलं, कारण मी भित्रा आहे. हे बोललो की माझ्या तीस वर्षांच्या कामाची माती होते. होऊ दे. अठराला येतो आणि कोरोनरसमोर सगळं सांगतो. हॉकिंगांनाही तोंड दाखवतो. तू मला घरात घेतलं नाहीस तर हॉटेलात उतरेन.

माफी मागायची लायकी नसलेला,
मर्विन

---

कडिना,
२२ एप्रिल १९७२

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू न जेवता गेलास. पेस्टी फडक्यात बांधून ठेवली होती, ती तशीच राहिली. मी तुला घरात घेतलं नसतं असं तुला वाटलं, याचा मला राग आहे.

तू गेल्यावरचं लिहिते. कोरोनरने क्लाइव्हवर दोष ठेवला नाही. खटला होणार नाही. हॉकिंगबाई बाहेर थांबली होती. तिने क्लाइव्हचे दोन्ही हात धरले, म्हणाली, बाळा, आम्ही तुझ्याबद्दल नको ते बोललो. मला वाटलं, आता तरी हा रडेल. त्याने हात सोडवून घेतले आणि म्हणाला, बाई, मी नाताळाआधीच पट्टी लावून मोजलं होतं. या लांबीचे शॉकअप चालणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी लावले आणि तिला शेजारी बसवलं. ती बिचारी तशीच उभी राहिली, मग तिच्या नवऱ्याने तिला नेलं.

कोरोनरला हे का नाही सांगितलंस, असं मी घरी येऊन विचारलं. तो म्हणाला, त्यांनी फक्त वेग विचारला.

मग मोजलं होतंस तर लावले कशाला, हे मात्र मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे. त्या जेवणाला तू हसलास, त्यावर तो खिशातून मापाचा कागद काढून तुला दाखवायला उठला होता. तू मांस कापत होतास, तुझं लक्ष नव्हतं. मी टेबलाखालून त्याचा हात खाली ओढला. कानात म्हणाले, तुझे वडील नाहीत, मामाच आहे आपल्याला, चार लोकांत त्याचा अपमान करशील तर मला आई म्हणू नकोस. तो बसला. कागद परत खिशात घातला.

तू उभा राहून तुझं सांगितलंस, दादा. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी हात वर केला नाही. क्लाइव्हने माझ्याकडे एकदाच वळून बघितलं.

अजून मला तो आईच म्हणतो.

तुझी,
थेल्मा