मुकी पट्टी

पांढुर्णा, रविवार, दिवे लागल्यावर

बाबा गेल्यावर आज त्यांची पेटी दुरुस्त करून घेतली. वरच्या पंचमाची पट्टी माझ्या लहानपणापासून मुकीच. बाबांनी भजनांना लावलेल्या एकाही चालीत तो सूर नाही. पेटीच खराब, ते तरी काय करणार, असं मी सावरगावच्या भजनी मंडळात हसून सांगत आली.

पेटीवाला म्हणाला, "ताई, आतला पितळी सूर तुटला नोता. कोणंतरी काढून ठेवला होता."

आई मेथी निवडून राहिली होती. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "गातानी तुले तो लागत नोता. लोकं हसत. म्हून त्यायनं काढला, अन् चाली त्याच्याबिना बांधल्या."

मला कधीच कसं कळलं नाही?

आता ती पट्टी वाजते. दार लावून मी गाऊन पाहिलं. अजूनही लागत नाही.