बारा झालरी

नागपूर, १२ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप शालिग्रामदादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा कोजागिरी झाली. दूध आटवलं, पण प्यायला मी आणि खालची भाडेकरीण अशा दोघीच. उरलेलं दुसऱ्या दिवशी चहात घातलं. तू काय केलंस ते कळव. काहीच केलं नसशील, मला माहीत आहे.

परागचा पुण्याहून फोन आला होता. तुझा पोट्टा फार काळजीत आहे. वहिनी जाऊन पावणेतीन वर्षं होत आली, बाबा रायपूरबाहेर वावरातल्या त्या दोन खोल्यांत एकटे काहून राहतात, असं मलाच विचारत होता. नव्या राजधानीसाठी जमिनीची मोजणी तिकडेच चालली आहे, तेव्हा जमीन विकून बाबांनी पुण्याला यावं, हे त्याच्या मनात पक्कं आहे. मी म्हटलं, अरे, तुझे बाबा एकटे कुठले? दर वर्षी दिवाळी झाली की समता कॉलनीतल्या शाळेची तिसरीची पोरं धानाची कापणी पाहायला त्यांच्याकडे सहलीला येतात, आणि त्या एका दिवसाची तयारी ते महिनाभर करतात. यावर तो जरा नरमला. पोरं येत असतील तर ठीक आहे, नाताळात लेकीला, देवश्रीला घेऊन येतो आणि काय ते ठरवतो, असं म्हणाला. तेव्हा दादा, तुझं तिथलं राहणं आता त्या पोरांवर आहे.

माझं एक मागणं आहे. पोरं धानाच्या लोंब्यांच्या झालरी विणतात, चिमण्यांना खायला दाराशी टांगतात तशा, हे मी इतकी वर्षं नुसतं ऐकते. या खेपेला पोरांच्या हातच्या दोन-चार पाठव. तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, तिकडच्या पोरांचे हात कसे आहेत तेही बघेन.

गुडघ्याला तेल लाव. माया कमी करू नकोस, तेवढीच एक गोष्ट तुझ्याकडून वेळेवर मिळते.

तुझी,
शांता


रायपूर, १३ नोव्हेंबर २००३

चि. शांतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराले उशीर झाला, कारण इकडे मले फुरसतच नव्हती. ८ तारखेच्या शनिवारी पोट्टे येऊन गेले. बेचाळीस होते, आणि संग शाळेच्या शर्मिष्ठाबाई. बसमधून उतरले तसे साऱ्या वावरभर पांगले. धुऱ्यालगत, बांधाच्या कडेनं, धानाचा एक पट्टा त्यांच्यासाठी मी दर वर्षी उभा ठेवतो, तो ठेवलाच होता. एकेकाले विळा धरू दिला, माझा हात त्यांच्या हातावर ठेवून. मग सारे दरीवर बसले आणि एका लोंबीत दाणे किती ते मोजून वहीत लिहिलं. कोणाचे एकशे दहा, कोणाचे नव्वद. एकानं आपले दाणे मोजता मोजता खाऊन टाकले आणि रडत बसला.

एका पोट्टीची चप्पल पाटाच्या चिखलात रुतली. ती काही केल्या निघेना, शेवटी मीच आत उतरलो. उकडलेल्या शेंगा आणि शिंगाडे पुरले नाहीत. सारे मले दादाजी, दादाजी करत होते, कान किटले पाहा. जाताना प्रत्येकानं झालर विणली. तुझ्यासाठी त्यातल्या बारा मागून घेतल्या, त्या रेल्वे पार्सलनं पाठवून राहिलो. नोकरीतल्या माझ्याच जुन्या खिडकीवर गेलो होतो, तिथं आता मले ओळखणारं कोणी नाही.

परागले हे सारं सांग. एकटा नाही म्हणावं, बाबाले तर बोलायले उसंत नाही.

घरच्या धन्याची माया जशी वावरावर, तशी तुझी माझ्यावर राहू दे.

तुझा,
दादा


नागपूर, २२ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. एक लोंबी तुटली नाही की दाणा सांडला नाही. पार्सल ऑफिसात जन्म घालवलास तो वाया नाही गेला. दोन झालरी गॅलरीत टांगल्या, दुपारपर्यंत चिमण्या आल्या. बाकीच्या दहा मांडीवर घेऊन बसले, आणि तेव्हापासून माझं मन लागत नाही.

दादा, रागावू नकोस. पार्सलच्या सुतळीला तुझी ती दुहेरी पिळाची गाठ होती, ती मी लहानपणापासून ओळखते, माझ्या दप्तराला तूच मारून द्यायचास. तीच गाठ बाराही झालरींना आहे. पीळ तोच, ओढ तीच, शेपूट कापलेलं तेवढंच. मी तीस वर्षं आठ-नऊ वर्षांच्या मुलींचे टाके तपासले आहेत. बारा पोरं आणि एकही गाठ वाकडी नाही, असं कधी होत नसतं रे.

मग तुझी जुनी पत्रं काढली. चप्पल चिखलात रुतलेली पोट्टी तू ९८ सालीही लिहिली होतीस. दाणे खाऊन रडणारा ९६ सालचा आहे.

परागला मी अजून काही सांगितलं नाही. आधी तू मला सांग. तुझ्या पत्रावाचून मला जेवण गोड लागायचं नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
शांता


रायपूर, २७ नोव्हेंबर २००३

चि. शांतास आशीर्वाद.

नाही आले. या वर्षी नाही, मागच्या वर्षी नाही, त्याच्या मागच्या वर्षीही नाही. सुशीला होती तोवर आले. इकडे नवं राज्य झालं त्या नोव्हेंबरात शेवटचे आले, आणि तीन महिन्यांत ती गेली. मग कोणीच नाही.

पहिल्या वर्षी मले वाटलं, घरात मरण झालं म्हणून नसतील आले. दुसऱ्या वर्षी वाटलं, बस नसेल मिळाली. दोन्ही वर्षं तुले त्याचं काही लिहिलं नाही. या वर्षीही दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, ते नेहमी यायचे त्या दिवशी, मी सकाळी आंघोळ करून दरी अंथरली, दोन गंज शेंगा उकडल्या आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. चार वाजेपर्यंत बसलो. रस्त्यानं मोजणीवाल्यांची एक जीप गेली, आणखी काही नाही. शेंगा मी आणि बैलांनी चार दिवस खाल्ल्या. तुले झालरी पाहिजे होत्या, म्हणून त्या पट्ट्यातलं थोडं धान कापलं आणि ओसरीत बसून विणल्या. विणता विणता मले खरंच वाटलं की आजूबाजूले पोट्टे बसले आहेत. पत्र लिहितानाही तसंच वाटलं. खोटं लिहायचं म्हणून नव्हतं लिहिलं वो.

मले फार एकटं वाटते, शांता. अडुसष्टाव्या वर्षी बहिणीले हे लिहितानाही लाज वाटून राहिली. पण सुशीलानं लावलेलं सीताफळ इथं आहे, तिची चूल इथं आहे, आणि पुण्याले चौथ्या मजल्यावर मी काय करू? शाळा मले विसरली, त्याचा राग मी कोणावर काढू? आपण होऊन येत होते, आपण होऊन थांबले.

परागले काय सांगायचं ते तू ठरव. तुझ्या भावाले पदरात घे.

दादा


नागपूर, २ डिसेंबर २००३

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि मग तुझा असा राग आला की विचारू नकोस. आपण होऊन येत होते? दादा, तू कोणत्या दुनियेत राहून राहिलास?

वहिनी दर वर्षी कोजागिरी झाली की चांगलं लुगडं नेसून शाळेत जायची. टोपलीत सीताफळं, आणि संग आपल्या हातानं लिहिलेलं आवतण. शर्मिष्ठाबाईंपाशी बसून चहा घ्यायची आणि शनिवार पक्का करूनच उठायची. तू समजायचास की बाजारात गेली. मला तिनं शपथ घातली होती. म्हणायची, यांना कळलं तर म्हणतील, बोलवायला काहून जातेस, ज्याला यायचं तो येईल. तुझा तो मान तिला चांगला ठाऊक होता.

गाढव मी पण आहे. ती गेल्यावर शाळेकडूनच तुला कळलं असेल आणि तू जात असशील असं मी धरून चालले, कधी विचारलं नाही. आणि तू तीन वर्षं फाटकाशी खुर्ची टाकून बसलास, ज्यांना कोणी बोलावलंच नाही त्यांची वाट पाहत.

आता ऐक. पांढरा शर्ट इस्त्री कर आणि शाळेत जा. तोंडानं बोलाव. आणि परागला खरं काय ते तूच लिही, मी मध्ये पडणार नाही. पोरं नाही आली तर मी येते, फाटकाशी दुसरी खुर्ची टाकून ठेव.

रागावले असले तरी तुझीच आहे, हे विसरायचं नाही.

शांता


रायपूर, १५ डिसेंबर २००३

चि. शांतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

सोमवारी शाळेत गेलो. दोन बस बदलल्या. ऑफिसबाहेरच्या बाकावर पोट्ट्याची ॲडमिशन घ्यायले आल्यासारखा तासभर बसलो. शर्मिष्ठाबाईंचे केस पिकले आहेत. त्यांनी मले पाहिलं आणि उभ्याच राहिल्या. त्या हिंदीत म्हणाल्या, भाऊजी, आम्ही तीन वर्षं दिवाळीनंतरचा तो दुसरा शनिवार रिकामा ठेवत आलो. तुमची चिठ्ठी आली नाही. दीदी गेल्या तेव्हापासून तुम्हाले पोरांचा गलबला नकोसा झाला असेल, असं समजून कोणी विचारायले आलं नाही. मी म्हटलं, माझी चिठ्ठी कुठली, मी कधी लिहिलीच नाही.

त्यांनी कपाटातून फाईल काढली. आठ चिठ्ठ्या होत्या, ९३ पासून २००० पर्यंतच्या. अक्षर सुशीलाचं, हिंदी तिची ती मोडकी. बच्चे लोग को भेजना, खेत उनका ही है, असं लिहिलेलं. आणि खाली प्रत्येक चिठ्ठीवर सही माझ्या नावाची. आपला, शालिग्राम. आठ वर्षं ती माझ्या नावानं त्यांले बोलावत होती, शांता, आणि मी समजत होतो की ते माझ्या वावरासाठी येतात. मी तिथंच शाळेच्या खुर्चीवर रडलो. बाईंनी दार लोटून घेतलं.

मग त्यांच्याकडूनच कागद मागितला आणि नववी चिठ्ठी लिहिली. सही माझीच, या वेळी माझ्या हातची.

परवा शनिवारी आले. अडतीस होते. पट्टा वाळून गेलेला, अर्धे दाणे पाखरांनी नेलेले, पण त्यांले काय त्याचं. दाणे मोजले तर कोणाच्या लोंबीत सात आणि कोणाच्या चार, आणि त्यावरूनही भांडले. सुशीला झाकलेला डबा हलवून आत खाऊ काय ते ओळखायले लावायची, भुलाबाईच्या खिरापतीसारखं. मीही लावलं. कोणालेच ओळखता आलं नाही. तिळाचे लाडू होते, मी केलेले, दगडासारखे झाले होते. या पोट्ट्यांपैकी एकानंही सुशीलाले पाहिलेलं नाही. एकीनं विचारलं, दादाजी, तुम्ही इथं एकटेच राहता? मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि दुसरा लाडू घेतला.

चार वाजता बस गेली. मग दरी झटकली, शेंगांची टरफलं गोळा केली, आणि वावर पहिल्यापेक्षा जास्त सुनं वाटलं. ते तसंच वाटणार, मले कळलं आहे.

परागले सारं लिहिलं, खोट्या पत्रासकट. काल त्याचा शेजारच्या दुकानात फोन आला. म्हणाला की नाताळात देवश्रीले घेऊन येतो, जमिनीचं राहू द्या, पुढच्या वर्षीची चिठ्ठी तिच्या हातानं लिहून घ्या, तिचं अक्षर चांगलं आहे. तूही ये. दुसरी खुर्ची आणली आहे.

पार्सल पाठवून राहिलो. सुतळीची गाठ माझी आहे. आत बारा झालरी आहेत, त्या या खेपेले हळू उघड. तीन तर मी बांधेपर्यंतच सुटल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या आहेत, एकीलेही मी हात लावला नाही.

तुझा,
दादा