या टाकीला बारा

बंट्या,

शाळेची पोरं सोडून चारपर्यंत येते. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा.

काल टाकी फुल केली आणि बाबांच्या वहीत ॲव्हरेज काढलं. बारा आलं. दोनदा काढलं, तरी बाराच.

दहा पोरं, गल्लीबोळ, चौकाचौकात सिग्नल. यात आपली व्हॅन नऊच्या वर कधी गेलेली नाही. चौदा देते ती फक्त हायवेला. कंपनी अठरा सांगते, त्यावर बाबा म्हणायचे, "उतारावर ढकलून मोजली असेल." मग हे बारा आलं कुठून? रविवारी तू व्हॅन घेऊन मित्राकडे गेला होतास म्हणे. मित्र राहतो दोन गल्ल्या सोडून. मी काही दूधखुळी नाही.

हायवेवरच्या त्या पंपावर जातोस ना? वहीतली बाबांची शेवटची ओळ मीही रोज बघते. किलोमीटर लिहिलेत, लिटरची जागा कोरी. टाकी भरता भरताच कोसळले, लिहिणार कधी? ती जागा कोरीच राहू दे.

रागावले नाहीये. पाच पानं मागे जा, एकदा साडेअकरा आलंय. तेव्हा मी गेले होते, तुला न सांगता. तू आकडा बघितलास आणि गप्प बसलास, कळलं होतं मला.

या रविवारी दोघं जाऊ. पेट्रोल भरायला मी उतरेन. तू गाडीतच बस, काच खाली करून. मला दिसत राहा.

आई