बाबांचे दहापैकी चार

दादा,

वहीत बाबांच्या दुखण्याचे, दहापैकी किती असे, एकवीस आकडे आहेत. सात दिवस, रोज तीन. एकही चारच्या वर नाही. तू ते मनाचे भरतोस, असं मी काल म्हणाले. चुकलं माझं.

आज कॅन्सरवाल्या नर्सताई आल्या, तेव्हा मी सहज सांगितलं, की मास्तरकीच्या तीस वर्षांत बाबांनी दहापैकी पाचच्या वर कुणाला गुण दिले नाहीत. त्या तशाच खुर्ची ओढून बसल्या.

"सर, दहा कशाला द्याल?"

"दहा मी कशालाच देत नाही."

"मग चार म्हणजे काय?"

"चार म्हणजे ओरडावंसं वाटतं."

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डोस वाढवलाय, नवं प्रमाण बाटलीवर चिकटवलंय. पुढचा पाच वाजता. झोपले असले तरी उठवून दे. यापुढे आकडा विचारू नकोस, काय करता येत नाही ते विचार.

मी प्रयोगशाळेत कामावर चाललेय. तू येईपर्यंत शेजारच्या काकू बसल्यात. बाबा एक वाजून वीस मिनिटांनी झोपले. आता पावणेचार. सलग झोप दोन तास पंचवीस मिनिटं.