अपडेटने खाल्लेलं भाषण

देवास, शनिवार, संध्याकाळ

कशाला दाबलं मी ते अपडेटचं बटण? उद्या धारला आपल्या मराठी मंडळींसमोर 'घरात मराठी बोला' या विषयावर बोलायचंय, आणि टाइप केलेल्या सबंध भाषणाचे पडद्यावर चौकोन झालेत. जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर एक फाइल मागतं, ती फाइल आणखी जुनी दुसरी मागते, आणि ती नव्या सिस्टमवर चालतच नाही. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर म्हणतो, "भिया, पुराना सब हटा दो, हिंदी में लिख लो!" हटा दो म्हणे! अर्धा तास भांडलो. फोन ठेवला तर बायको हसतेय. "अहो, मराठीसाठी भांडलात, पण सगळं हिंदीत!"

चौकोन, नुसते चौकोन. उद्या कागदाशिवाय उभा राहीन. सुरुवात मात्र ह्या फोनवरच्या भांडणापासूनच करावी लागेल.